दोनदा विचारू नये

नाना पेठेतल्या तात्याराव जगतापांना ऐकू येत नाही, ही गोष्ट आळीत कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. याचं थोडं श्रेय तात्यारावांच्या हुशारीला आणि बाकी सगळं पुणे शहराला. दुसऱ्या कुठल्या गावात दुकानदार प्रश्नाला उत्तर देईना, तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याचे कान गेले वाटतं. पुण्यात अशी शंका कुणाला का यावी? गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "काका, पंक्चर काढून मिळेल का?" तात्याराव पाठमोरे, हातातल्या चाकात गुंतलेले. गिऱ्हाईक जरा वेळ वाट बघायचं, 'काय माज आहे' असं पुटपुटायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. तिथे जाऊन वर सांगायचं, की तुमचे शेजारी अगदी अस्सल आहेत हो.

शिवाय दारावर पाटी होती. पत्र्याच्या पांढऱ्या तुकड्यावर तात्यारावांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलेली: 'एकच प्रश्न दोनदा विचारू नये.' कान दगा द्यायला लागले त्याच वर्षी ती लागली. लोक हसायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. पाटीमागे एक घाबरलेला माणूस बसलाय, हे त्या फोटोत येत नव्हतं.

आणि घाबरण्यासारखंच होतं. तात्यारावांचा धंदा चाकाचा. वेडंवाकडं फिरणारं चाक एकेक स्पोक ताणून, सैल करून सरळ करायचं, याला सायकलवाले 'आउट काढणं' म्हणतात. आउट काढण्यात आपला हात धरणारा पुण्यात कुणी नाही, असं तात्याराव स्वतःच सांगायचे, आणि खोडून काढायला कुणी पुढे यायचं नाही. सगळं शहर सायकलवर होतं तेव्हा जगताप सायकल मार्टपुढे रांग लागायची. मग स्कूटर आल्या, नव्वदनंतर तर मोटारसायकली हप्त्यावर मिळायला लागल्या, आणि ओळीतल्या सायकलच्या दुकानांत बघता बघता सीटकव्हरं, हॉर्न आणि बिनस्पोकांची चकचकीत चाकं लटकली. तात्याराव तेवढे सायकलला चिकटून राहिले.

चाकाचा आउट डोळ्यांना दिसतो, पण स्पोकचा ताण कानाला कळतो. चाक फिरवायचं, निपलच्या, म्हणजे स्पोक आवळायच्या नटाच्या, चावीनं एकेका स्पोकला टिचकी द्यायची, की स्पोक बोलतो. ताणलेला असेल तर टण्ण, सैल असेल तर ढप्प. सगळ्यांचा सूर एक झाला, की चाक झालं. तात्यारावांचे कान गेले ते नेमके या बारीक, उंच आवाजाला. आधी सायकलची घंटी गेली, मग फोनची, मग स्पोकची. ट्रकचा हॉर्न अजून कळायचा, समोरच्याचं तोंड नीट दिसलं तर बोलणंही निम्मंअधिक उमगायचं. सायकलचे स्पोक बारीक असतात, दोन स्पोक चिमटीत दाबून ताण समजतो. तेवढ्यावर त्यांनी दिवस ढकलले, आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

सांगणार तरी कुणाला? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा सौरभ कॉम्प्युटर शिकून खराडीच्या कंपनीत लागला आणि तिथल्याच आम्रपाली गायकवाड नावाच्या मुलीशी त्यानं रजिस्टर लग्न केलं. लग्नाआधी दुकानात येऊन, वडिलांच्या समोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं होतं. मुलगी विश्रांतवाडीची, वडील पोस्टात, घर बौद्ध. तात्यारावांनी हातातलं चाक खाली न ठेवता म्हटलं, "तुझं तू बघ." त्याहून जास्त एक अक्षर बोलले नाहीत. लग्नाला गेले नाहीत.

लग्नानंतर ती दोघं पाया पडायला आली होती, असं तात्यारावांना नंतर महिपती चहावाल्यानं समोर उभं राहून सांगितलं. तात्यारावांनी स्वतः पाहिलं ते एवढंच: काम करता करता मान वळवली, तर सौरभचा निळा शर्ट आणि त्याच्या शेजारी एक हिरवी साडी, दोघं पाठ करून आळीच्या तोंडाशी चाललेली. दारापर्यंत आली आणि आत पाऊल न टाकता परत गेली. का? तर दुकानात ग्रीस, जमिनीवर रॉकेलचे डाग, आणि एसीत बसणाऱ्या बाईला सासऱ्याच्या दुकानाची लाज वाटली असणार. तात्यारावांनी मनाशी असा निकाल देऊन टाकला. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात सौरभ कंपनीतर्फे एकटाच अमेरिकेला गेला. तिकडून त्याचे फोन यायचे, दुकानातला फोन कोपऱ्यात वाजत राहायचा, आणि तात्याराव त्याच्याकडे पाठ करून काम करत बसायचे.

अशात, गणपती उठल्यावर, दुकानासमोर एक टेंपो थांबला. त्यातून तिशीतला एक मुलगा उतरला आणि त्यानं मोटारचं एक चाक गडगडत आत आणलं. तात्यारावांनी पाहिलं आणि हातातली चावी खाली ठेवली. तारेचं चाक होतं. जुन्या इंग्रजी गाड्यांना असायचं तसं, मधल्या तुंब्यापासून रिमपर्यंत स्पोकांचं दाट जाळं, अर्धं गंजलेलं, पाचसहा स्पोक तुटून लोंबणारे.

मुलगा तोंडासमोर येऊन बोलला म्हणून बरं झालं. नाव सुदर्शन, खराडीच्या कंपनीत काम करतो. लोणी काळभोरला एका मळ्यातल्या गोठ्यात एक उघडी, चार माणसांची इंग्रजी गाडी कडब्याखाली पडून होती, ती त्यानं घेतली. इंजिन झालं, रंग झाला. चाकं मात्र कुणी करेना. गॅरेजवाले म्हणतात, ही फेका, साधी पत्र्याची बसवा.

"फेका म्हणाले?" तात्याराव म्हणाले. "गाडीच फेका नाही का म्हणाले?"

"स्पोक मी इंग्लंडहून मागवलेत काका. इंटरनेटवरून. पण बसवणार कोण?"

तात्यारावांनी चाक उचलून आउट काढायच्या लोखंडी चौकटीवर चढवलं. तरुणपणी कॅम्पातल्या एका गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली त्यांनी अशी चाकं बांधली होती. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडे कुणी असं काम घेऊन आलं नव्हतं. पंक्चर, ब्रेकची रबरं, पोरांच्या तीनचाकी. त्यांना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"ठेवा," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आत चारही होतील. मधे मधे येऊन विचारू नका."

आपलं नाव सुदर्शनला कुणी सुचवलं, हे तात्यारावांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सुदर्शननं सांगितलं नसतं. सांगायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती.

पुढचे दिवस तात्याराव वेगळेच झाले. टायर उतरवला, गंजलेल्या निपलांवर तेल सोडून ती मऊ होईपर्यंत थांबले, तुटलेले स्पोक काढले, उरलेल्यांतले पिचलेले ओळखून तेही काढले. सायकलचं रिम बरोबर मध्यावर असतं, मोटारचं एका अंगाला सरकलेलं. ते कुठवर सरकलंय याची खूण त्यांनी पहिलं निपल फिरवायच्या आधीच पट्टी लावून करून ठेवली. आतल्या रांगेला आखूड स्पोक, बाहेरच्या रांगेला लांब. एकेक ओवला, एकावरून एक नेला, हातानं जेवढा बसेल तेवढा बसवला, मग चावी. रिम डोलायचं थांबलं. खडू धरला तर चहूकडून सारखी रेघ उठली. महिपती चहा घेऊन आला आणि चाक बघत उभाच राहिला.

मग टिचकी द्यायची वेळ आली. तात्यारावांनी पहिल्या स्पोकला चावी मारली. काही नाही. दुसऱ्याला मारली. काही नाही. पूर्ण फेरा मारला. चाक त्यांच्यापुढे मुक्यानं फिरत होतं. चिमटीत धरून बघितलं, पण हे स्पोक जाड, चिमटीला काय दाद देणार? ज्या कामाची इतकी वर्षं वाट पाहिली, ते पुढ्यात होतं आणि त्यातला अर्धा भाग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

कुणाला तरी बोलवावं, म्हणावं, बाबा रे, मी टिचकी देतो, तू ऐक. ते उठून महिपतीच्या टपरीपर्यंत गेलेसुद्धा. महिपतीनं भुवया उडवून 'काय?' असं विचारलं. तात्यारावांनी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "साखर कमी." अर्धा कप चहा पिऊन परत आले. चाक सरळ फिरतंय ना? मग झालं. डोळ्यांना दिसतंय ते खोटं आहे का? असं त्यांनी स्वतःला पटवलं, टायर चढवला, आणि सुदर्शन आला तेव्हा पहिलं चाक त्याच्या हवाली केलं. सुदर्शन खूश झाला. तात्याराव झाले नाहीत. त्या दिवसापासून जेवण गोड लागेना.

त्याच आठवड्यात एका सकाळी ते दुसऱ्या चाकावर वाकले होते. पाठ दाराकडे. चाकावर सावली पडली तशी मागे न बघता ते म्हणाले, "पाटी वाचा." सावली हलली नाही. जरा वेळानं ती वाढली, पुढे आली, आणि टायरसकट एक चाक त्यांच्या हत्यारांच्या पाटाला येऊन टेकलं. त्यांनी दिलेलं चाक. मागे रिक्षावाला घाम पुसत उभा, आणि त्याच्या शेजारी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला पर्स, एक मुलगी. सौरभनं पाठवलेला लग्नाचा फोटो पाहिलेला होता. तात्यारावांनी लगेच ओळखलं.

रिक्षावाला गेला. आम्रपाली काहीतरी बोलली. तिची मान चाकाकडे वळलेली होती, त्यामुळे तात्यारावांना ओठ दिसले नाहीत. त्यांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं, गप्प राहिले. ती वळली.

"मी म्हटलं, हे चाक वाजतंय," ती म्हणाली. आता कळलं, कारण ती रागानं, शब्द तोडून बोलत होती. "काल सुदर्शननं मला लिफ्ट दिली, तुमचं हे एक चाक आणि बाकी गॅरेजवाल्याची तात्पुरती पत्र्याची चाकं लावून. हडपसरच्या पुढे रोडला लागलो आणि मागून टिक टिक. तो म्हणाला, जुनी गाडी आहे, वाजणारच. मी म्हटलं, थांब. स्टेपनी लावली. सौरभ नेहमी म्हणतो, असं चाक बाबाच करतील, तेव्हा तुमच्याकडे मीच पाठवलं होतं त्याला, म्हणून तो परत यायच्या आधी मीच आले. माझ्या सासऱ्यांची चूक बाहेरच्यानं येऊन सांगायला नको."

तात्यारावांनी यातलं सगळं नाही, पण पुरेसं वाचलं. त्यांनी चाक उचलून चौकटीवर चढवलं आणि जोरात फिरवलं. चाक देखणं फिरलं. "कुठाय आउट?" ते म्हणाले. "दाखवा."

तिनं त्यांच्या पाटावरची चावी उचलली. एका स्पोकवर मारली, पुढच्यावर मारली, त्याच्या पुढच्यावर. असं करत एका स्पोकपाशी थांबली आणि तात्यारावांकडे बघितलं. तात्यारावांनी मख्ख चेहरा ठेवला. तिनं तोच स्पोक पुन्हा वाजवला, पुन्हा बघितलं. आता काहीतरी बोलायला हवं, हे त्यांना समजलं.

"ठीक आहे तो," ते म्हणाले.

आम्रपालीची चावी हवेत थांबली. तिचं काम काय होतं, ते इथं सांगायला हवं. कंपनीतल्या पोरापोरींचे परदेशी गिऱ्हाइकांशी झालेले फोन पुन्हा ऐकायचे आणि त्यातल्या चुका काढायच्या. दिवसभर कानाला हेडफोन. कोण खोटं बोलतंय, कोण नुसतं हो ला हो करतंय, कोणाला समोरच्याचं मुळीच कळलेलं नाही आणि तो कळल्यासारखं दाखवतोय, हे तिला आवाजाच्या एका चढउतारावरून समजायचं. 'ठीक आहे तो' हे तीन शब्द तिनं ऐकले आणि तिचा राग जागच्या जागी थिजला.

ती तात्यारावांच्या मागे गेली. ते चाकाकडे बघत बसले. ती मागे काय करते आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. थोड्या वेळानं, फार वेळ झाला असं वाटून, त्यांनी मान वळवली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोळे भरलेले. तिनं काहीतरी विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं.

"काय?" तात्याराव म्हणाले. कान गेल्यापासून हा शब्द त्यांनी कुणापुढे उच्चारला नव्हता.

ती समोर येऊन खाली बसली, रॉकेलच्या डागांवरच. सावकाश, ओठ मोठे करून बोलली. "मी विचारलं, बाबा, मी आत येऊ का? लग्नानंतर आलो होतो, तेव्हाही हेच विचारलं होतं. इथंच उभी होते. तुम्ही पाठमोरे होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

तात्यारावांना वाटलं, आपण चुकीचं वाचलं. "विचारलं होतं?"

"विचारलं होतं. सौरभ म्हणाला, परत विचार. मी विचारणारच होते." तिनं बोट वर केलं. "तर ती पाटी दिसली."

तात्याराव पाटीकडे बघत राहिले. आतून तिची नुसती गंजलेली पाठ दिसत होती. लिहिलेलं सगळं बाहेरच्यांसाठी.

"आमच्या आजोबांना कुणाच्या दारात असं उभं राहून विचारायला लागायचं," आम्रपाली म्हणाली. "उत्तर मिळायचं नाही. ते सांगायचे आम्हाला. मला वाटलं, तेच आहे. दुसरं काय वाटणार? मी सौरभला म्हटलं, चल."

सरळ समोर बसून, तोंड लपवायला जागा न ठेवता ती हे बोलली. तात्यारावांना फार लाज वाटली, आणि वाईट वाटलं. लाज कानांची नव्हती. इतके दिवस आपणच हिला गर्विष्ठ ठरवून बसलो होतो, त्याची होती.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. वाक्य बाहेर पडलं आणि छत कोसळलं नाही, हे त्यांना जरा नवलाचंच वाटलं. "तू विचारलेलं मला ऐकू आलं नाही. पण सौरभनं लग्नाचं सांगितलं, ते आलं होतं. तेव्हा मी जे बोललो, ते कानांमुळे नाही. ते माझंच."

आम्रपालीनं डोळे पुसले. पण तात्यारावांच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं होतं.

"गाडीत तू होतीस?"

तिनं मान डोलावली.

"त्या चाकावर?"

"मागचं, माझ्याच बाजूचं होतं ते."

तात्यारावांनी चाक चौकटीवरून उतरवलं आणि टायर काढायला घेतला. सोलापूर रोडवर ट्रकच्या रांगेत एकेक स्पोक तुटत गेला असता, आणि ते इथं बसून म्हणाले असते, चाक सरळ आहे. "हे काम मी सुदर्शनला परत करतो," ते म्हणाले. "चारही चाकं. माझ्याच्यानं व्हायचं नाही. नुसत्या डोळ्यांनी चाक करू नये."

"आणि कानांनी?" आम्रपाली म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं चावी उचलून त्यांच्या हातात दिली आणि स्वतः पाटावरचा स्क्रूड्रायव्हर घेतला. "मी वाजवते. तुम्ही फिरवा. मला चाकातलं ओ की ठो कळत नाही, पण कुणाचा आवाज पडलाय ते कळतं. तेवढाच पगार मिळतो मला."

"पगार मिळतो याला?" तात्यारावांनी विचारलं.

"तुमच्या चाकापेक्षा बरा."

तात्यारावांना हसू आलं. हे उत्तर पेठेतलंच होतं, विश्रांतवाडीहून आलं म्हणून काय झालं!

त्या दिवशी आम्रपालीनं कंपनीत फोन करून रजा टाकली. सुरुवात वाईट झाली. ती सुराबद्दल म्हणायची, 'खाली आहे,' तात्याराव रिमच्या खालच्या बाजूला बघायचे. ती म्हणायची, 'शार्प आहे,' म्हणजे सूर चढलाय, त्यांना वाटायचं स्पोकचं टोक वर आलंय. शेवटी बोलणं सोडून त्यांनी हातवारे ठरवले. तळहात वर केला की ताण, खाली केला की सैल कर, मूठ मिटली की बास. एक स्पोक ताणला की समोरचा उतरायचा, तो सावरला की तिसराच बिघडायचा. आम्रपाली वैतागली. "हे संपतच नाही," तिनं त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं. तात्यारावांनी तिला थांबवलं, आणि एक स्पोक थोडा, मग त्याचा जोडीदार थोडा, मग पलीकडचा थोडा, असं सगळ्यांना मिळून कसं वर न्यायचं ते दाखवलं. एकट्याला ओढून उपयोग नसतो. दुपारपर्यंत तिला त्याची गोडी लागली. ती डोळे मिटून वाजवायला लागली. आणि एका फेऱ्याला वाजवत वाजवत ती पहिल्या स्पोकवरून शेवटच्यापर्यंत गेली आणि तिची मूठ मिटलेलीच राहिली.

"कसं आहे?" तात्यारावांनी विचारलं. खूप वर्षांत त्यांनी कुणाला आपल्या कामाबद्दल असं विचारलं नव्हतं.

"सगळे एकच बोलतायत," ती म्हणाली.

तेवढ्यात तिची मान कोपऱ्याकडे वळली. फोन वाजत होता. तिनं उचलला, ऐकलं, आणि हसत तो तात्यारावांपुढे धरला. सौरभ. तात्यारावांनी फोन तोंडाशी धरला, कानाशी नाही. "तू बोलू नकोस, मला ऐकू येत नाही," ते ओरडले, रस्त्यापलीकडे महिपतीला ऐकू जाईल इतक्या जोरात. "तू नुसतं ऐक. तुझी बायको आत आलीये. लग्नाला मी यायला हवं होतं. चुकलो. आता ठेव, बिल वाढेल." आणि त्यांनी फोन तिच्या हातात दिला. पलीकडे रस्त्यावर महिपतीच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. तात्याराव बहिरे आहेत, ही बातमी नाना पेठेत दिवेलागण व्हायच्या आत सगळीकडे पोचली. बऱ्याच लोकांना वाईट वाटलं. काहींना मात्र, आपल्याला इतकी वर्षं माज म्हणून जे मिळालं ते साधं बहिरेपण होतं, याची जरा चुटपुटच लागली.

सुदर्शन आला, तेव्हा तात्यारावांनी त्याला बसवून सरळ सांगितलं. पहिलं चाक मी न ऐकता दिलं होतं, देणं चूक होतं, आता या मुलीनं ऐकलंय. नको असेल तर चाकं घेऊन जा. सुदर्शननं आम्रपालीला विचारलं, "तू बसशील या चाकांवर?" ती म्हणाली, "पुढच्या सीटवर. आणि बाबा मागे." चाकं दुकानातच राहिली. सुट्टीच्या दिवशी आणि कंपनीच्या वेळेआधी ती यायची, दोघं मिळून एकेक चाक सुराला आणायची. मधेच तिनं एक वायरमन आणून फोनला दिवा जोडून घेतला. फोन आला की पाटावर लाल दिवा लुकलुकायचा. कान दाखवायला दिवाळीनंतर दवाखान्यात जायचं, असंही तिनं तात्यारावांकडून कबूल करून घेतलं. मशीन लावेन, ते म्हणाले, पण स्पोक तूच ऐकायचे.

दसऱ्याला गाडी दुकानासमोर उभी राहिली. चारही चाकं चढलेली, पुढे झेंडूचा हार, आणि तात्यारावांनी निपलच्या चावीलाही हळदकुंकू लावलेलं. सुदर्शननं नारळ फोडला. मग आम्रपाली पुढे बसली, तात्याराव पांढरी टोपी घालून मागे, आणि गाडी सोलापूर रोडला लागली. हडपसर मागे पडलं. जिथं ती पहिल्यांदा टिक टिक झाली होती ती जागा आली, तसा तात्यारावांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला आणि आम्रपालीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ती मान एका बाजूला करून, डोळे मिटून ऐकत होती. सुदर्शननं वेग वाढवला. उसाचा एक ट्रॅक्टर मागे गेला, लोणी काळभोरची कमान दिसायला लागली.

शेवटी ती मागे वळली. तिचा सगळा चेहरा हसत होता. "बाबा, काही ऐकू येत नाहीये!"

"मलाही नाही," तात्याराव म्हणाले, आणि दांडा सोडून आरामात मागे टेकले.

त्यानंतर कॅम्पातून, कोरेगाव पार्कातून, एकदा तर थेट कोल्हापूरहून तारेची चाकं नाना पेठेत यायला लागली. पण ती पुढची गोष्ट. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्रपाली आली, तेव्हा दारावरची जुनी पाटी जागेवर नव्हती. त्याच पत्र्याला पांढरा रंग फासून वर लाल अक्षरांत नवं लिहिलेलं होतं, रंग अजून ओला होता: 'आत येऊ का, असे विचारू नये. यावे.'

आत तात्याराव पाठमोरे, एका चाकावर वाकलेले. आम्रपालीनं पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग चपला काढून, काही न विचारता ती आत गेली, त्यांच्यासमोर बसली आणि स्क्रूड्रायव्हर उचलून पहिल्या स्पोकला टिचकी दिली.